वाडग्यातला मासा

माशाचा डोळा गेला होता. नेमका डोळ्याच्याच जागी इनॅमलचा टवका उडून खालचं काळं लोखंड दिसत होतं, आणि गंमत अशी की त्यामुळेच तो मासा आता खरा बघत असल्यासारखा वाटत होता... मूळचा रंगवलेला डोळा कसा होता, पांढरा की पिवळा, हे काही केल्या सुलभाला आठवेना. तिने करंगळीच्या टोकाने तो खळगा चाचपला. लाल अंगाचा मासा, हिरवी शेपटी, भोवती पाणी म्हणून काढलेल्या दोन निळ्या लाटा. काठालाही निळीच रेघ, तीही बऱ्याच जागी खरवडलेली. एवढासा वाडगा. पण ओट्यावर ठेवला की मिक्सर, टोस्टर, गोळ्यांची डबी हे सगळे जरा सरकून उभे आहेत असं वाटायचं, पाहुण्याला जागा करून दिल्यासारखे.

आज तो भरायचा होता.

कशाने, ते सकाळपासून ठरत नव्हतं. साखर काढून झाली, परत ठेवून झाली. चहाची पत्ती काढली – पण मलावीत चहाचे मळेच्या मळे, त्यांना एडिसनहून चहा पाठवायचा? संक्रांतीच्या तिळाच्या वड्या होत्या, पण त्या जूनपर्यंत कुठल्या टिकायला. आणि शेंगदाणे तर नाहीच नाही. तो वाडगा इथे आला तोच भाजलेल्या दाण्यांनी भरून आला होता. दाण्यांना उत्तर दाण्यांनी देत नाहीत.

बाहेर बर्फ थांबला होता. शेजारच्या सुवर्णाचा नवरा सुलभाच्या पायऱ्यांवर, पाय घसरू नये म्हणून, मीठ टाकत होता आणि सुलभा खिडकीतूनच बोट करून ‘तिकडेही, त्या कोपऱ्यात’ असं सांगत होती, तो मान डोलवत होता. थोड्या वेळाने विनीता येईल. न्यूआर्क विमानतळावरून एस्नातला घेऊन. दोघींना गाडीत तासभर मिळणार, आणि त्या तासात काय बोलणं होणार ते सुलभाला इथे ओट्यापाशी उभं राहून शब्दन्‌शब्द ऐकू येत होतं. गेल्या आठवड्यात विनीताने फोनवर ते चक्क सांगूनच टाकलं होतं. “आई, मलावीला जाऊ नको म्हटलं तर तू माझं ऐकत नाहीस, ओके. पण एस्नातचं ऐकशील. मी तिलाच सांगणार आहे तुला समजवायला. आणि तो बाऊल तिच्याबरोबर पाठव ना! ती जातेच आहे जूनमध्ये. प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड.”

प्रॉब्लेम. वाडगा आज एस्नातच्या बॅगेत गेला की उद्या ॲन आर्बरला, तिच्या विद्यापीठात जाईल, आणि तिथून परस्पर जूनमध्ये तिच्या आईच्या दारात. मग सुलभाने जायचं कारणच काय? मलावीतल्या त्या शाळेला आता तिची गरज नाही हे तिला कोणी सांगायला नको होतं. ग्रंथालय तिथल्याच एका तरुण शिक्षकाने हाती घेतलंय, तिच्यापेक्षा चांगलं चालवतोय. ज्या मुलींचं शिक्षण ती करते त्यांची फी इथून, या खुर्चीत बसून, बोटाने पोचते. पडवीत बसून गणित शिकवायला नव्या मुली येतात अमेरिकेतून, तरण्याताठ्या, गिटार घेऊन. सगळं सुरळीत चाललेलं. तिचं म्हणून तिथे एकच काम उरलेलं होतं – तो वाडगा. तिच्याकडे होता, म्हणजे पाळी तिची होती. आणि तेही एक काम दुसऱ्याच्या हाती देऊन टाकायचं की नाही, एवढंच आज ठरायचं होतं. तेवढंच; पण पहाटे जाग आल्यापासून छातीत त्याचं हलकं ओझं होतं, परीक्षेच्या दिवशी असायचं तसं. वाईट नव्हतं ते. या वयात काहीतरी ठरायचं बाकी आहे, हे तसं वाईट नसतंच.

रिकामं भांडं परत द्यायचं नाही. हे तिला कोणी शिकवलं असं नाही, ते कोरेगावच्या पाण्यातच होतं. शेजारून कोशिंबीर आली, वाटी धुतली, पुसली, की आई इकडेतिकडे बघायची. तिची ती नजर... फडताळावरून फिरणारी, डबे न उघडताच आत काय उरलंय ते जाणणारी. काही नसलं तर साखरेची चिमूट. साखर नसली तर चार तांदूळ. एकदा तर तुळशीचं पान ठेवलं होतं, आणि शेजारच्या काकूंनी ते डोळ्यांना लावून घेतलं होतं. आणि वाटी अडकवूनही ठेवायची नाही. दुसऱ्या दिवशी गेलीच पाहिजे. लोकांच्या भांड्यावर घर चालवत नाहीत, आई म्हणायची. कितीदा सुलभाच धावत जायची ती वाटी घेऊन, परकराचा ओचा एका हाताने धरून, आणि वाटेत साखरेचे दोन कण जिभेवर... ते आईला माहीत असणार. चिमूट नेहमी जरा मोठीच असायची.

इथे ते संपलं. चूक कोणाचीच नाही, पण संपलं. सुवर्णा इतकी गोड पोरगी, नागपूरची, काही केलं की आधी काकूंना आणून देते. पण आणते ती हॉटेलातून आलेल्या प्लास्टिकच्या डब्यात. “काकू, डबा परत नको हं, फेकून द्या!” दारातूनच ओरडते, गाडी चालू असते. सुलभा ते डबे फेकत नाही. धुऊन, एकात एक घालून कपाटात ठेवते, कपाट भरलंय. डबे आहेत, पण त्यांना परतीची वाट नाही...

म्हणूनच असेल, त्या संध्याकाळी मलावीतल्या चिम्बाले गावात तो वाडगा समोर आला तेव्हा तिला एकदम घरी आल्यासारखं झालं.

नवरा, गुरुनाथ, जाऊन वर्ष झालं होतं. शाळेतली नोकरी आधीच संपलेली – एवढी वर्षं न्यू जर्सीच्या मुलांना अपूर्णांक शिकवले, आणि आता घरात एका माणसाचा स्वयंपाक, म्हणजे अपूर्णांकच. तिच्या शाळेतली कॅरल नावाची मैत्रीण दर वर्षी चर्चच्या लोकांबरोबर मलावीतल्या एका खेड्यात जायची. ‘पुस्तकांची खोकी लावायला कोणीतरी हवंय,’ म्हणाली. सुलभा गेली ती खोकी लावायला. परत येईन तेव्हा कंटाळून येईन असं वाटलं होतं. पण लिलाँग्वेहून धुरळ्याच्या रस्त्याने गाडी निघाली आणि दोन्ही बाजूंना भुईमूग दिसायला लागला, तोच तसाच, जमिनीलगतचा, पिवळ्या फुलांचा – आणि तिने काच खाली केली ती पुन्हा वर केलीच नाही.

शाळा विटांची, पत्र्याची. एका वर्गात एवढी मुलं की शिकवणाऱ्याला पाऊल ठेवायला जागा शोधावी लागे. शाळेमागच्या खोलीत तिची राहायची सोय. आणि त्या पहिल्याच संध्याकाळी दारात एक मुलगी. डोकं भादरलेलं, मान लांब, शाळेचा निळा झगा एका खांद्यावर फाटलेला. ती गुडघ्यांवर बसली, आणि दोन्ही हातांनी तिने तो वाडगा पुढे केला. उकडलेल्या शेंगा. मिठाच्या. वाफ येत होती. तो वास... सुलभाच्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. आईने ओसरीवर पातेलं उतरवलंय, आणि भाऊ गरम शेंग फोडताना बोटं झटकतोय...

दुसऱ्या दिवशी वाडगा परत गेला, साखर घालून. संध्याकाळी पुन्हा आला, भोपळ्याच्या पानांची भाजी, दाण्याचं कूट घातलेली. कूट! इतक्या लांब! ती एकटीच मोठ्याने हसली होती. दुसऱ्या दिवशी तिने चहाची पुरचुंडी घातली. पुन्हा शेंगा. तिने मेणबत्त्या घातल्या. रताळी. तिने साबणाची वडी. असं चालूच राहिलं, मुक्काम संपेपर्यंत, आणि पुढच्या प्रत्येक मुक्कामातही. एस्नातच्या आईशी तिचं बोलणं असं कधी झालंच नाही. तिला इंग्रजी नाही, सुलभाला तिथली चिचेवा चार शब्दांपलीकडे नाही. भेटल्या की दोघी हात धरून हसत. एवढंच. बाकी सगळं वाडगा बोलायचा.

आणि वाडगा घेऊन येणारी ती एस्नात. आली की लगेच जायची नाही. टेबलापाशी, सौर दिव्याच्या उजेडात उभी राहायची. सुलभा काहीतरी वाचत असायची. एकदा सुलभाच्या लक्षात आलं, मुलीचे डोळे हलताहेत. ओळीवरून. टेबलाच्या पलीकडे उभी राहून, पुस्तक तिच्याकडून उलटं असताना, ती वाचत होती. सुलभाने पान उलटायला हात नेला तर ती घाईने म्हणाली, “थांबा ना!” – आणि घाबरून हात तोंडावर ठेवला. प्रायोजक होणं, शिकवायचा खर्च उचलणं वगैरे जे म्हणतात ते तिच्याकडून झालं ते त्या ‘थांबा ना’मुळे. दया वगैरे काही नव्हती त्यात. शिक्षिकेचा लोभ होता. असं मूल समोर आलं तर हातचं कोण सोडेल?

गाडीचं दार वाजलं. मग दुसरं.

“आई, पायऱ्यांवर मीठ तू टाकलंस? बाहेर कशाला गेलीस?” विनीता बूट काढता काढता.

“सुवर्णाच्या नवऱ्याने टाकलं. मी फक्त खिडकीतून सूचना दिल्या.”

“ऑफ कोर्स दिल्या.”

तिच्यामागून एस्नात. लांब काळा कोट, गळ्याला मोहरीच्या रंगाचा मफलर, डोक्यावर बारीक बारीक वेण्यांचा भार. सुलभाला नेहमी क्षणभर ती भादरलेल्या डोक्याचीच दिसायची आणि मग वेण्या उगवायच्या. दारातल्या ओल्या पायपुसण्यावरच ती दोन्ही गुडघे टेकून बसली, कोटासकट. “अगोगो,” म्हणाली. आजी. पहिल्या वर्षी या गुडघे टेकण्याने सुलभा संकोचून मागे सरायची, आता हात आपोआप डोक्यावर गेला, आणि तोंडातून मराठीतच निघालं, “मोठी हो गं बाई, ऊठ, गार आहे ते.” एस्नातला ते वाक्य न समजताच समजायचं.

विनीताला मुलीच्या, आन्याच्या, पोहण्याच्या स्पर्धेला जायचं होतं. तरी ती ओट्यापाशी थांबलीच. तिने वाडगा पाहिला. शेजारची साखर पाहिली.

“गुड. म्हणजे एस्नातबरोबर पाठवतेयस.”

“मी कुठे काय म्हटलं?”

“आई.” विनीताने गाडीच्या किल्ल्या खाली ठेवल्या, म्हणजे आता भाषण होतं. ती गुडघ्यांचीच डॉक्टरीण म्हणावी अशी; प्रिन्स्टनला फिजिओथेरपी करते. “मी रोज हेच बघते. सत्तरीच्या लेडीज. सगळ्या म्हणतात, आय ॲम फाइन. मग पडतात.”

“मी एकदाच पडले.”

“ड्राइव्हवेत! स्वतःच्या! तिथे तर ड्राइव्हवेपण नाही.”

ड्राइव्हवे हा एक शब्द एस्नातने पकडला असावा. ती गंभीरपणे इंग्रजीत म्हणाली, “आमच्याकडे पडायला जागा भरपूर आहे. आणि जमीन मऊ आहे.”

“यू आर नॉट हेल्पिंग,” विनीता म्हणाली. पण तीही हसली. जाताना तिने आईला जवळ घेतलं, जरा जास्तच वेळ, आणि तिच्या केसांत पुटपुटली, “मला भीती वाटते गं. दॅट्स ऑल.” सुलभाने तिची पाठ थोपटली. लहानपणी ही मुलगी पोहायला जाताना घाबरायची, आणि सुलभाच तिला काठावरून ‘उडी मार, मी आहे’ म्हणायची... आता काठावर ती.

जेवायला पालकाची भाजी केली होती, कूट घालून, आणि मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा एस्नातने स्वतः ढवळून केला, घरच्यासारखा. ती हाताने जेवत होती. बोटांनी गोळ्याला खळगा करून त्यात भाजी उचलायची तिची रीत बघत सुलभा आपली भाकरी मोडत होती. बर्फावरून परतलेला उजेड छतावर पडला होता. विद्यापीठातल्या गोष्टी झाल्या, ॲन आर्बरच्या बसमध्ये गोठलेल्या पापण्यांच्या, सार्वजनिक आरोग्याच्या त्या प्राध्यापिकेच्या, जिला गाव म्हणजे नकाशावरचा ठिपका वाटतो. घरी जाऊन काय करणार, तेही झालं. जिल्ह्याच्या दवाखान्यात काम, बाळंतिणींसाठी. सुलभा ऐकत होती आणि वाट बघत होती. आता म्हणेल. आता समजावेल. मुलीचं शिकून झालं की तिचं ऐकावं लागतं, हे आलंच.

भांडी आवरताना सुलभाने शेवटी ठरवलंच – साखर. पहिल्यांदा साखरच दिली होती, शेवटीही साखर. ती चमच्याने वाडग्यात घालू लागली. मासा हळूहळू पांढऱ्याखाली जायला लागला. आधी शेपटी, मग पोट.

“अगोगो, हे तुम्ही कशाला भरताय?”

“मग काय रिकामा देऊ? आमच्यात देत नाहीत.”

“काय देत नाहीत?”

“रिकामं भांडं. कोणाकडून भरून आलं तर परत करताना काहीतरी घालायचं. चिमूटभर साखर का होईना. आणि लगेच करायचं परत. दुसऱ्या दिवशी.”

एस्नात ताट पुसत होती, ती थांबली. तिने फडकं खांद्यावर टाकलं. “दुसऱ्या दिवशी,” ती हळू म्हणाली. “साखर घालून. म्हणजे ते... तुमच्या घरचा नियम होता?”

“नियम म्हणजे काय, पद्धत. का?”

मुलीने दोन्ही हात तोंडावर ठेवले. खांदे हलायला लागले. सुलभाला आधी वाटलं रडतेय की काय; मग बोटांच्या फटीतून ते हसू बाहेर आलं, गुदमरलेलं, वेण्या हलवणारं, आणि ती ओट्याला धरून खालीच बसली.

“अगोगो... आई म्हणायची, त्या म्हातारीला किती भूक लागते!”

“काय?”

“शेंगा दिल्या, दुसऱ्याच सकाळी वाडगा हजर. वर साखर. आई म्हणाली, बघ, आवडल्या तिला, अजून मागतेय, आणि किती गोड मागतेय. असं मागितल्यावर नाही कसं म्हणायचं? म्हणून भरला. पुन्हा सकाळी वाडगा! आई म्हणाली, अरे देवा, अमेरिकेत हिला जेवायला मिळत नाही वाटतं.”

सुलभा चमचा हातात धरून उभी होती. या वाडग्यावर तिने एडिसनच्या मराठी मंडळात भाषण केलं होतं. साडी नेसून, माइकसमोर. ‘रोज, मैत्रिणींनो, रोज संध्याकाळी त्या माउलीकडून काहीतरी यायचं...’ पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले होते. आणि ती माउली तिकडे कपाळावर हात मारून म्हणत होती, आली, आली हावरी, आलं तिचं भांडं... सुलभाला पोटातून हसू फुटलं. गुरुनाथ असता तर, तिला वाटलं, तर तो महिनाभर मला ‘भुकेली’ म्हणाला असता. हसता हसता तिने खुर्ची ओढली आणि बसली, डोळ्यांतून पाणी, गुडघ्याची कळ, सगळं एकदम.

मग हसण्याच्या खालून ते वर आलं. “पण मग... तुमच्याकडे होतं का एवढं? द्यायला?”

एस्नात खाली जमिनीवरच बसली होती, पाठ कपाटाला टेकून, पाय पसरून. एवढी मोठी झालेली, तरी तशीच. “नव्हतं,” ती सरळ म्हणाली. “एकदा आईने वाडगा पालथा घालून ठेवला. म्हणाली, बास, आता फक्त बियाण्याचे दाणे आहेत. म्हातारीला सांग, पीक संपलं. मी रडले.”

“बियाणं वाचावं म्हणून?”

“बियाण्याचं मला काय!” ती पुन्हा हसली. “वाडगा नाही म्हटल्यावर मी तुमच्या खोलीत येणार कशी? काय म्हणून? त्या पुस्तकात त्या वेळी ती बोट नदीत अडकली होती, अगोगो. मला पुढचं वाचायचं होतं. मी मावशीकडे गेले आणि म्हटलं, आईने रताळी मागितलीत. मग चुलतीकडे गेले. गावातल्या निम्म्या घरांची भाजी खाल्लीय तुम्ही.”

“आणि आईला?”

“आईला कळायचं सगळं. तिने एकदाच विचारलं, भूक म्हातारीला आहे की तुला? मी म्हटलं, दोघींना. दुसऱ्या दिवशी तिनेच भरला.” मग थांबून, नखाने फरशीवरची रेघ कोरत, “साखर तुम्ही बरीच घालायचात. वाटेत थोडी कमी व्हायची.”

चिमूट नेहमी जरा मोठीच असायची... सुलभाने मान वर केली. खिडकीबाहेर झाडाच्या फांदीवरून बर्फाचा एक लांबट तुकडा सुटला आणि आवाज न करता खाली गेला. किती वर्षं मी एक गोष्ट सांगत आले, तिला वाटलं, आणि ती गोष्ट तशी नव्हतीच. दोघी बायका, एकीला वाटतंय आपण पद्धत पाळतोय, दुसरीला वाटतंय आपण भुकेल्याला घालतोय. आणि मधल्या वाटेवर एक पोर दोघींना चालवतेय, साखर चाटत, पुढचं पान वाचायला मिळावं म्हणून. कोणी एकदा जरी खरं बोललं असतं – रिकामा का नाही पाठवत, एवढ्या लवकर का पाठवता – तर सगळं तिथेच थांबलं असतं. वाडगा फळीवर. ही मुलगी शेतात. आपल्याला वाईट वाटायला हवं आहे, असं तिला वाटलं, त्या बियाण्याचं, त्या मावशीच्या रताळ्यांचं. वाटतही होतं. पण त्याच्या शेजारी, त्याला न ढकलता, एक मोठं समाधान येऊन बसलं होतं. ते काही हलेना.

“मला विनीताने सांगितलंय,” एस्नात म्हणाली, “की तुम्हाला सांग, येऊ नका. गुडघा, विमान, रस्ता. गाडीत पूर्ण वेळ तेच. तर सांगितलं. येऊ नका.” तिने हात झटकले. “झालं माझं काम.”

“आणि तुझं स्वतःचं मत?”

“माझं नाही. आईचं सांगते. काल फोनवर बोलले. तिला म्हटलं, वाडगा बहुतेक माझ्याबरोबर येईल. तर म्हणाली, भरलेला आणू नकोस. ती नेहमी भरूनच पाठवते, आतलं काढलं की दुसऱ्या हाताने आम्ही पुन्हा भरतो, मला त्याचा तळच दिसत नाही. माझ्या आईने लग्नात दिलेला वाडगा, त्यात मासा आहे. तो बघायचाय.” एस्नात उठली, झगा झटकला, आणि ताट पुन्हा पुसायला घेतलं. “आणि विचारत होती, त्याला डोळा आहे की गेला? तिला आठवत नाही.”

सुलभाने हातातला चमचा ओट्यावर ठेवला.

“पण रिकामा वाडगा मी नेणार नाही हां,” एस्नात ताटाशीच बोलत असल्यासारखी म्हणाली. “परदेशातून येऊन आईसमोर गुडघे टेकायचे आणि हातात रिकामं भांडं? सगळं गाव बघत असतं. भरलेला द्या, नेते. रिकामा असेल तर तो तुमचा आणि तिचा मामला.”

मग ती आंघोळीला गेली, पाण्याचा आवाज सुरू झाला, आणि तिचं गुणगुणणं. ओट्यावर वाडगा, अर्धा साखरेने भरलेला. सुलभाने त्याच्याकडे बघितलं. चमचा उचलला. ठेवला.

फोन वाजला. विनीता, मागे शिट्ट्या, तरणतलावाचा घुमणारा गलका, आन्याचा ‘हाय आजी, आय केम सेकंड!’

“मग? काय ठरलं? एस्नात बोलली का?”

“बोलली. येऊ नका म्हणाली.”

“थँक गॉड. आणि तो बाऊल? दिलास?”

“साखर घातली होती. काढतेय.”

“म्हणजे? व्हॉट डझ दॅट मीन, आई?”

“म्हणजे आन्याला म्हणावं, पुढच्या वेळी पहिली ये.” आणि तिने फोन हळूच ठेवला. विनीता गाडीत बसल्यावर पुन्हा करेल. करू दे. तिची भीती खरी आहे, तिला उत्तर द्यावंच लागेल, जूनच्या आधी केव्हातरी, आणि ते काय असेल ते सुलभाला या क्षणी खरोखरच माहीत नव्हतं. गुडघा काय म्हणेल, डॉक्टर काय म्हणतील. सकाळी हेच माहीत नसणं छातीवर बसलं होतं. आता तिने ते शोधून पाहिलं, तर ते तिथे नव्हतं.

तिने साखर डब्यात ओतली. तळाला चिकटलेले कण बोटाने गोळा करून, इकडेतिकडे न बघता, जिभेवर ठेवले. मग वाडगा नळाखाली धरला, घासला, पुसायला फडकं घेतलं, आणि तिची नजर सवयीने फडताळाकडे निघाली, या डब्यावरून त्या डब्यावर, आईची ती नजर – आणि वाटेतच थांबली. परत आली. वाडग्यात थोडं पाणी राहिलं होतं. संध्याकाळचा बर्फावरचा निळा उजेड त्यात उतरला होता. तिने वाडगा जरासा कलवला तसा मासा हलला, शेपटीपासून; आणि तो काळा डोळा तिच्याकडे वळल्यासारखा झाला. तिने पुन्हा कलवला, दुसऱ्या बाजूने. पाणी ओतून टाकायची काही घाई नव्हती.